रविवार नको, दशमी बघा: नाशिककरांसाठी शिडाच्या होडीतला एक दिवस

नाशिकहून समुद्रावर जायचं म्हटलं की पहिला प्रश्न असतो, सुटी कधी आहे? शिडाच्या होडीसाठी हा प्रश्न उलटा विचारावा लागतो. आधी तिथी बघायची, मग ती कोणत्या वारी येते ते. भिंतीवरचं कॅलेंडर घरोघरी असतंच, त्यातला लाल आकडा सोडून बारीक अक्षरांतली तिथी वाचा.

कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीला पाऊण ने गुणलं की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशोब तोच. मुंबई बंदरात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून नेमकी वेळ छापील भरती-ओहोटीच्या कोष्टकातूनच घ्यायची. पण महिनाभर आधी दिवस ठरवायला हा आडाखा पुरेसा आहे. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. म्हणजे दशमीला सकाळी साडेसातला पाणी भरलेलं आणि दुपारी पावणेदोनच्या सुमाराला सुकती.

आता हे वाऱ्याशी जोडा. हिवाळ्यात मुंबईला पहाटेपासून सकाळपर्यंत जमिनीवरून मतलई वारा येतो, हलका, साधारण ईशान्येकडून. दहा-अकराला तो मरतो. दुपारी खारा वारा सुरू होतो, पश्चिमेकडून येत हळूहळू वायव्येला सरकतो आणि दहा-पंधरा नॉटपर्यंत चढतो (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). आपल्याला जायचंय गेटवे ऑफ इंडियापासून अलिबागजवळच्या मांडव्याला आणि त्याच दिवशी परत. मांडवा साधारण दक्षिण-आग्नेयेला, सुमारे आठ सागरी मैलांवर. सकाळी ईशान्येचा वारा डाव्या कुशीतून, ओहोटी बाहेर खेचणारी, म्हणून जाणं सोपं. परतताना वारा जवळजवळ तोंडावर. इथे भरती सोबत असली पाहिजे. हवी ती वेळ साधते नवमी ते द्वादशी या चार तिथींना, आणि त्यातही दशमी-एकादशीला सगळ्यात छान. त्या दिवसांत भांग, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची सगळ्यात कमी चढउताराची भरती, नुकता सरलेला असतो, उधाण अजून दूर असतं, त्यामुळे प्रवाहही बेताचा राहतो.

किती फरक पडतो ते आकड्यांत बघा. चार नॉटने चालणारी होडी वाऱ्याविरुद्ध नागमोडी जाताना मुक्कामाच्या दिशेने प्रत्यक्षात तीनच नॉट सरकते. भरतीचा एक नॉट मिळाला तर चार, म्हणजे आठ मैलांना दोन तास. उलट दीड नॉटची ओहोटी समोरून आली तर उरतो दीड नॉट, आणि त्याच आठ मैलांना पाच तासांहून जास्त. जानेवारीत सव्वासहाच्या सुमाराला सूर्य बुडतो. अंधारात बंदरात शिरायची वेळ बहुतेकांवर येते ती वाऱ्यामुळे नाही, या चुकलेल्या वजाबाकीमुळे.

महिन्याला एखादाच रविवार या चार तिथींत सापडतो. पौर्णिमा-अमावास्येचाच रविवार हाती असेल तर मांडव्याचा हट्ट सोडा. त्या दिवशी भरती बाराच्या आसपास, म्हणजे सकाळभर पाणी आत येतं आणि दुपारी बाहेर जातं. सकाळी भरतीबरोबर घारापुरीकडे जा, दुपारी ओहोटीबरोबर परत या, वायव्येचा वारा तेव्हा बाजूने मिळतो. वाटेत जवाहर द्वीपाचं तेल टर्मिनल आहे, त्याच्यापासून लांब राहायचं. घारापुरीच्या आसपास चिखलाची उथळ पाणथळ फार, त्यामुळे धक्क्याच्या वाटेबाहेर भटकू नका.

हंगामाचंही सांगून टाकू. नारळी पौर्णिमेला कोळी दर्याची पूजा करतात म्हणून लगेच निघायचं नाही, छोट्या होडीसाठी दसरा उलटू द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेमध्ये दुपारचा वारा वीस नॉटकडे झुकतो. जून ते सप्टेंबर हा विषयच नाही.

नाशिकमध्ये करायची तयारी

इथे गृहीत धरलेली होडी म्हणजे चोवीस ते अठ्ठावीस फुटी, एक डोलकाठी, एक मोठं शीड, पुढे जिब म्हणजे छोटं तिकोनी शीड, मागे छोटं आउटबोर्ड इंजिन आणि पाण्याखाली सुमारे एक पूर्णांक तीन दशांश मीटर कील, म्हणजे तळाचा उभा जड पंखा. माणसं चार, फार तर पाच. त्यातल्या एकाने तरी शिडाच्या होडीचं रीतसर प्रशिक्षण घेतलेलं हवं, आणि पहिल्या दोन-तीन खेपांना बंदर ओळखणारा स्थानिक तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य नावाडी, बरोबर हवाच. गंगापूर धरणाच्या पाण्यावर होडीत बसायची भीती मोडते, वाऱ्याची झुळूक पाण्यावर काळसर पट्ट्यासारखी येताना दिसते, एवढा फायदा नक्की. पण तिथे भरती-ओहोटी नाही, लाट नाही, जहाज नाही. धरणावर जमलं म्हणजे समुद्रावर जमेल, असं मानू नका.

गाठी मात्र घरीच पक्क्या होतात. गॅलरीच्या कठड्यावर दहा मिलिमीटर जाडीचा, तीन मीटर लांबीचा दोर बांधा. बोलाइन (न सरकणाऱ्या फासाची गाठ), आठाची गाठ आणि क्लीटवरचा, म्हणजे दोर अडकवायच्या दोन शिंगांच्या खुंटीवरचा, वेढा एवढ्या तीनच गाठी, पण डोळे मिटून आल्या पाहिजेत. क्लीटच्या वेढ्यात हमखास होणारी चूक म्हणजे आठाचे चार-पाच थर चढवणं. आधी क्लीटच्या लांबच्या टोकाला एक पूर्ण वळसा, मग एक आठ, मग शेवटचा फास उलटा अडकवायचा. जास्त थर चढवले की ताणाखालचा दोर ऐनवेळी सुटत नाही.

शब्दही घरीच ठरवून घ्या. शीड आणि शीट, म्हणजे शीड ओढायची दोरी, हे दोन शब्द वाऱ्यात अगदी एकसारखे ऐकू येतात. "शीट सोड" म्हटल्यावर कुणी शीडच उतरवायला धावतो. म्हणून "मोठा दोर" आणि "जिबचा दोर" म्हणायचं. वळताना सुकाणूवरच्याने "तयार?" विचारायचं, सगळ्यांनी "तयार" म्हणायचं, मग "वळतोय". दहा अक्षरांचा हा संवाद नसेल तर बूम, म्हणजे मोठ्या शिडाखालची आडवी काठी, कुणाच्या तरी डोक्यात बसते.

रस्त्याचं गणित साधं आहे. द्वारका चौकातून गेटवे पावणेदोनशे-एकशे ऐंशी किलोमीटर. साडेसातला होडीवर चढायचं तर पहाटे तीनला निघावं लागेल, आणि जागरण हे होडी लागण्याचं एक मोठं कारण. पंचवटी एक्सप्रेसने गेलात तर सीएसएमटीला उतरेपर्यंत साडेदहा-अकरा वाजतात, तोवर निम्मी ओहोटी निघून गेलेली असते. आदल्या संध्याकाळी जाऊन मुंबईत मुक्काम करा.

आणि त्या दिवशी मिसळ नाही. आदल्या रात्रीही नाही. तर्री, कसाऱ्याचा घाट आणि लाटा यांचं एकमेकांशी जमत नाही. दशमीला दशम्याच न्याव्यात: दुधात भिजवलेल्या, कोरड्या, हातात धरून खाता येणाऱ्या, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि उकडलेला बटाटा. फेब्रुवारीत द्राक्षं न्या, तोंड कोरडं पडलं की त्यासारखं दुसरं काही नाही. एकादशीचा उपास असेल तर त्या दिवशी तेवढी सूट घ्या, रिकाम्या पोटी मळमळ जास्त होते. पाणी माणशी तीन लिटर. ज्यांना घाटात उलटी होते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी आणि ती निघण्याआधी तास-दीड तास घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. आलेपाक खिशात ठेवा.

कपड्यांत फसगत ठरलेली. नाशिकच्या थंडीतून स्वेटर घालून निघतात आणि अकराला होडीवर तीस अंशांत भाजून निघतात. अंगभर सुती सदरा, दोरीने बांधलेली टोपी, न घसरणारे बंद बूट. चपला-सँडल नकोत, डेकवरच्या क्लीटला अंगठा आपटून नख उचकटणं ही होडीवरची नित्याची दुखापत. लाइफ जॅकेटचे पट्टे आदल्या दिवशीच प्रत्येकाच्या मापाने बांधून बघा. खांद्यापाशी धरून वर उचललं आणि ते कानापर्यंत सरकलं तर सैल आहे.

निघण्याआधी होडीवर

तळात पाणी आहे का बघा, असेल तर बोटाने चाखा. खारं असेल तर ते कुठून आलं ते सापडल्याशिवाय निघू नका. इंजिन सुरू केल्यावर मागून पाण्याची पिचकारी सतत आली पाहिजे. ती बारीक असेल तर थंड करणाऱ्या पाण्याच्या वाटेत प्लास्टिक किंवा गाळ अडकलेला असतो, बारीक तारेने भोक मोकळं करा. पेट्रोल जायला जेवढं लागेल त्याच्या तिप्पट: एक भाग जायला, एक यायला, एक चुकीला. नांगराची साखळी आणि दोर मोकळा करून ठेवा, दोराचं शेवटचं टोक होडीला बांधलेलं आहे ना ते हाताने ओढून बघा. न बांधलेला नांगर समुद्राला अर्पण करणारे कमी नाहीत.

व्हीएचएफ रेडिओ चॅनल १६ वर लावा. मोबाइलमध्ये तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक साठवा आणि मोबाइल जलरोधक पिशवीत घाला. प्रत्येकाचं सरकारी ओळखपत्र बरोबर हवं. कुठे चाललो, किती जण, कधी परतणार हे किनाऱ्यावरच्या एका माणसाला लिहून पाठवा, आणि ठरल्या वेळेनंतर दोन तासांत निरोप आला नाही तर त्याने काय करायचं तेही. हिवाळ्यात सकाळी धुरकट असतं. मैलभर अंतरावरचं जहाज स्पष्ट दिसत नसेल तर बोयावरच, म्हणजे होडी बांधलेल्या तरंगत्या पिंपापाशीच, थांबा. अंदाजात वीस नॉटच्या वर वारा असेल तर थांबण्याचाही प्रश्न नाही, सरळ न्याहारी करायला परत जा.

जाताना

बोयाला बांधलेली होडी मुंबईत वाऱ्याकडे तोंड करून उभी राहील असं नाही, ती प्रवाहाकडे तोंड करते. दशमीच्या सकाळी ओहोटी आणि वारा दोन्ही साधारण ईशान्येकडून, त्यामुळे बोयावर असतानाच मोठं शीड चढवता येतं. आधी मोठा दोर पूर्ण सैल, मग हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायची दोरी, ओढायची. शीड वर पोचल्यावर डोलकाठीलगत आडव्या सुरकुत्या दिसतात तोवर हॅलयार्ड अजून ताणायची, त्या जाऊन एखादी उभी घडी दिसली की पुरे. मध्येच अडकलं तर जोर लावू नका, वर बघा. बहुतेक वेळा शिडातली पट्टी एखाद्या दोरीत अडकलेली असते.

गेटवेच्या उत्तरेला नौदलाची गोदी आहे, तिकडे फिरकायचं नाही. दक्षिण-आग्नेय धरायची. शीड किती ओढायचं याला एकच नियम: फडफडेपर्यंत सैल सोडा, मग फडफड थांबेल तेवढंच ओढा. नवशिके हमखास जास्त ओढतात, होडी कलते आणि वेग मात्र कमी होतो. शंका आली की सैल सोडा.

जहाजांचा मार्ग हा या प्रवासातला खरा कठीण भाग. मुंबई बंदर आणि न्हावा-शेव्याकडे जाणारी मोठी जहाजं खोल पाण्याच्या ठरावीक वाटेनेच जातात, त्यांना बाजूला होता येत नाही. शिडाच्या होडीला इतरत्र इंजिनाच्या होडीपुढे मान असतो, पण अरुंद वाटेत मोठ्या जहाजाला अडवायचं नाही हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. वाट काटकोनात ओलांडा, वारा पडलेला असेल तर इंजिनावर. बारा नॉटचं जहाज पाच मिनिटांत एक मैल कापतं. धडक होणार का ते ओळखायला एका जागी बसून जहाज कठड्याच्या एका खांबाच्या रेषेत धरा. दोन मिनिटांनी ते खांबाच्या पुढे किंवा मागे सरकलं असेल तर ठीक. त्याच रेषेत राहून नुसतं मोठं होत असेल तर तुमची गाठ ठरलेली आहे. लगेच आणि ठळकपणे वळा, म्हणजे तिकडूनही ते दिसेल. बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला, हिरवा उजव्या हाताला; बाहेर पडताना उलटं.

दुसरी अडचण कोळ्यांच्या डोल जाळ्यांची. खुंटांना बांधलेली ही जाळी वरून दिसत नाहीत, दिसतात ते प्लास्टिकचे डबे, थर्मोकोलचे तुकडे, काळी निशाणं. दोन डब्यांच्या मधून कधीच जाऊ नका, लांबून वळसा घाला. पंख्यात दोर गेलाच तर इंजिन लगेच बंद, आउटबोर्ड वर उचला, हाताने उलटं फिरवून सोडवा. जाळं कापणं हा शेवटचा उपाय, ते कुणाचं तरी पोट आहे.

दहाच्या सुमाराला वारा मेला की शीड निपचित लोंबतं आणि मळमळ याच वेळी गाठते. मळमळणाऱ्याला खाली केबिनमध्ये पाठवू नका, सुकाणू हातात द्या आणि क्षितिजाकडे बघायला सांगा. उलटी करायचीच तर वाऱ्याखालच्या बाजूला, म्हणजे वारा जिकडे जातो तिकडे, आणि त्याचं जॅकेट कुणीतरी धरून ठेवायचं. इंजिन लावून पुढे चला.

मांडव्यापाशी नांगर

इथे पाणी उतरत असताना नांगर टाकायचा आहे, त्यामुळे आत्ताची खोली खोटी असते. सहा तासांत पाणी बाराव्या हिश्शांत उतरतं: एक, दोन, तीन, तीन, दोन, एक. समजा भरती-ओहोटीतला फरक २.४ मीटर. मग पहिल्या तासाला २० सेंटिमीटर, दुसऱ्याला ४०, तिसऱ्या-चौथ्याला ६०-६०, पुढे ४०, शेवटी २०. साडेदहाला तीन तास झाले, म्हणजे १.२ मीटर उतरलं, अजून १.२ उतरायचं आहे. खोली ४ मीटर असेल तर पावणेदोनला २.८ राहील, कील १.३, खाली दीड मीटर मोकळं. तीच खोली २.३ मीटर असती तर जेवण होईतो होडी चिखलात रुतून बसली असती.

दोराची लांबी काढताना खोलीत नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची मिळवा. चार अधिक एक, पाच. त्याच्या पाचपट म्हणजे पंचवीस मीटर, साखळी धरून. होडी थांबल्यावर नांगर हळूच खाली सोडायचा, फेकायचा नाही. फेकला की साखळी त्याच्यावरच पडून गुंतते. मग इंजिन मंद उलटं, दोर ताठ होईपर्यंत. दोरावर तळवा ठेवा: नांगर रुतला असेल तर दोर ताठ आणि शांत, घसरत असेल तर हाताला खडखड लागते. किनाऱ्यावरची दोन ठिकाणं, एक माड आणि त्याच्यामागचं एखादं छप्पर, एका रेषेत धरून ठेवा आणि दर दहा मिनिटांनी बघा. प्रवासी बोटींच्या वाटेत आणि जेट्टीच्या तोंडाशी थांबू नका.

नैर्ऋत्येला खांदेरी दिसते. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला बघून मोह होतो, पण तो गेटवेपासून तेरा-चौदा मैल आहे, एका दिवसाच्या हिशोबात बसत नाही.

मांडव्याचा किनारा पश्चिम-वायव्येकडे तोंड करून आहे. खारा वारा वाढला की तो होडीला थेट किनाऱ्याकडे ढकलतो. पाण्यावर पांढरे फेस दिसायला लागण्याची वाट बघत बसू नका, एकला आवराआवर सुरू करा. वारा बारा-तेरा नॉट झाला असेल आणि चढत असेल तर मोठं शीड नांगरावरच रीफ करून घ्या, म्हणजे खालचा पट्टा दुमडून लहान. हॅलयार्ड थोडी सोडून पुढचं कडं आकड्यात अडकवा, हॅलयार्ड पुन्हा ताणा, मग मागचा रीफचा दोर बूमपर्यंत घट्ट ओढा. या क्रमात उलटापालट केली की शीड फाटू शकतं. चालत्या होडीत, लाटांवर, घाबरलेल्या चार माणसांसह हेच काम करायला वीस मिनिटं लागतात, नांगरावर पाच.

नांगर वर येतो तो करड्या चिकट चिखलाने माखून. बादली आणि ब्रश नाळेपाशी तयार ठेवा, नाहीतर त्या चिखलावर घसरून कुणीतरी पडतं.

परतताना

वारा डावीकडून घेतलेला लांब टॅक, म्हणजे नागमोडी वाटेतला एक तिरका टप्पा, साधारण उत्तरेकडे. मग उजवीकडून घेतलेला आखूड टॅक, पश्चिमेकडे. आखूड टॅक लांबवू नका. त्या दिशेला कुलाब्याच्या टोकापलीकडे प्राँग्सचा खडक आहे, दीपस्तंभ मोठा दिसू लागायच्या आत वळा. समोरून दुसरी शिडाची होडी आली तर ज्याला वारा डावीकडून आहे त्याने वाट द्यायची. म्हणजे लांब टॅकवर बहुतेक वेळा तुम्हीच.

वळताना होडीला वेग हवा. सुकाणूचा दांडा शिडाच्या बाजूला सलग ढकला, झटका नको. हळू वेगात वळायला गेलं की होडी वाऱ्याच्या तोंडावर अडकून राहते, शिडं फडफडतात आणि ती मागे सरकू लागते. घाबरू नका: जिब हाताने एका बाजूला धरून वाऱ्यात भरा, नाळ दुसरीकडे फिरते. मागे सरकताना सुकाणू उलटं चालतं एवढं लक्षात ठेवा. होडी फार कलली, दांडा दोन्ही हातांनी ओढावा लागतोय, वाऱ्याखालचा कठडा पाण्यात जातोय, तर मोठा दोर सोडा. दर झुळकेला सोडावा लागत असेल तर रीफ हवं होतं.

कुणी पाण्यात पडलं तर पहिल्या दोन सेकंदांत तीन गोष्टी: ओरडणं, तरंगतं कडं फेकणं, आणि एकाने फक्त त्या माणसाकडे बोट दाखवत उभं राहणं. त्या एकाने दुसरं काहीही करायचं नाही. अर्ध्या मीटरच्या लाटेत डोकं पन्नास मीटरवर दिसेनासं होतं. होडी वाऱ्यात वळवा, जिब गुंडाळा, पाण्यात लोंबणारा एकही दोर नाही याची खात्री करूनच इंजिन लावा. माणूस कुशीला लागला की इंजिन न्यूट्रलला नाही, बंद. वर ओढायला हात पुरत नाहीत, शिडी किंवा दोराचा फास लागतो. शांत पाण्यात रिकामा डबा बादलीला बांधून फेका आणि हा सराव दोनदा करा. पहिल्या खेपेला डबा सापडत नाही, हे प्रत्येकाने एकदा बघावं.

गेटवेजवळ अजून भरतीच असेल, पाणी दक्षिणेकडून आत येत असेल. म्हणून बोयाच्या पुढे जाऊन वळा आणि प्रवाहाविरुद्ध, म्हणजे दक्षिणेकडे तोंड करून त्याच्याकडे या. तेव्हा वारा मागून-बाजूने येतो, त्यामुळे मोठं शीड आधीच उतरवलेलं हवं. ते वर ठेवून आलात तर होडी थांबत नाही आणि बोया बाजूने निघून जातो. पुढच्याने आकड्याच्या काठीने बोयाचा दोर उचलायचा आणि आधी क्लीटला एक वळसा घ्यायचा, मग हवं तर श्वास. नुसत्या हातांनी दोन टनांची होडी धरून ठेवायला गेलात तर हाताची सालं निघतात.

उतरण्याआधी विंच (दोर ओढायची चरखी), कड्या, इंजिन गोड्या पाण्याने धुवा, इंजिन थोडा वेळ गोड्या पाण्यात चालवा. जॅकेटं नाशिकला आल्यावर बादलीत बुडवून सावलीत वाळवा, मीठ राहिलं की चेन गंजून घट्ट बसते. रात्री कसारा घाट चढायचा असेल तर गाडी त्याने चालवावी जो दिवसभर सुकाणूवर नव्हता. किनाऱ्यावरच्या माणसाला "पोचलो" हा निरोप पाठवायला विसरू नका. तो अजून घड्याळाकडे बघत बसलेला असतो.